देवरियाताल ते चोपता : बर्फातल्या धारेवर आम्ही दोघी

उत्तराखंडातल्या देवरियाताल तलावापासून चोपत्यापर्यंत बर्फातून चालून परत येऊन दोन आठवडे झाले. आक्कांच्या गुडघ्याची सूज गेली, माझ्या ओठांची सालं निघायची थांबली, आणि शाळेतल्या दोघी-तिघींनी वही-पेन घेऊन मला गाठलं. त्यांना सांगितलं तेच इथं क्रमानं लिहिते. जायच्या आधी मी मराठीत खूप शोधलं होतं, पण मिळालं ते दर रविवारी गड चढणाऱ्या मुलामुलींचं. हिमोग्लोबिन नऊवर आहे, गुडघा दुखतो, घरी कापूस वेचायचा राहिलाय आणि रजा मंजूर होईल की नाही याचा पत्ता नाही, अशा बायकांनी बर्फात कसं जायचं हे कुणी लिहिलेलं सापडलं नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. वय ५१. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी त्यांची कोरडवाहू शेती आहे. कापूस, मका, थोडी तूर. मी ४४ वर्षांची, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. मे २०२३ मध्ये आम्ही दोघी यात्रेच्या बसनं केदारनाथ-बद्रीनाथला गेलो होतो. गौरीकुंडाहून केदारनाथला खेचरावर बसून गेलो आणि खेचरावरच उतरलो. पुढं बद्रीनाथकडं जाताना बस उखीमठावरून चोपत्याच्या रस्त्याला लागली, तेव्हा खिडकीतून जंगलानं गच्च भरलेली एक लांबच लांब डोंगरसोंड दिसली. ड्रायव्हर म्हणाला, "वो देवरियाताल की धार है, लोग पैदल चलते हैं." आक्का मान वळवून वळवून पाहत राहिल्या. रात्री मुक्कामावर म्हणाल्या, "देवाचं दर्शन झालं, पण पाय काही हिमालयाला लागले नाहीत बाई. एकदा चालून जाऊ." दीड वर्ष ते बोलणं माझ्या डोक्यात होतं.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिकडं आभाळ स्वच्छ असतं आणि त्या उंचीवर सहसा बर्फ नसतो. ६ नोव्हेंबरची तिकिटं काढली. ऑक्टोबरच्या मध्याला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला मतमोजणी, आणि मला मतदान अधिकारी म्हणून आदेश आला. तिकिटं रद्द केली. थर्ड एसीचे माणशी १८० रुपये आणि वर कर एवढंच कापलं गेलं. तेव्हाच्या नियमानं गाडी सुटायला ४८ तासांपेक्षा कमी उरले असते तर भाड्याचा चौथा हिस्सा गेला असता, म्हणून तारीख हलणार असं कळताच लगेच रद्द करून टाका. आमची तारीख महिनाभर पुढं गेली ती अशी. बर्फाचा विचार त्यामुळंच करावा लागला. आधी तो बेतात नव्हताच.

रजेचं थोडं सविस्तर सांगते, कारण नोकरी करणाऱ्या बाईचं अर्धं बळ तिथंच खर्च होतं. इतक्या दिवसांची किरकोळ रजा एका दमात मिळत नाही, म्हणून अर्जित रजा मागितली आणि सोबत मुख्यालय सोडण्याची परवानगी. २५ नोव्हेंबरला मुख्याध्यापकांकडं अर्ज दिला. तो वर गेला आणि निवडणुकीनंतरच्या कागदांच्या गठ्ठ्यात कुठंतरी अडकला. ३ डिसेंबरला मी दुसरी प्रत घेऊन स्वतः गेले. माझ्याकडं पहिल्या अर्जाची शिक्क्यासह पोच होती, म्हणून तो त्याच तारखेचा धरला गेला. मंजुरी हातात पडली ५ तारखेला दुपारी चार वाजता आणि गाडी होती ६ तारखेची. ते दोन दिवस मला धड जेवण गेलं नाही. पोच घ्यायला विसरू नका आणि तिचा मोबाइलमध्ये फोटोही ठेवा.

तब्येतीची तयारी मात्र आम्ही ऑक्टोबरपासून केली होती. आमच्या डॉक्टरांनी दोघींचा ईसीजी काढला, रक्तदाब पाहिला, रक्त तपासलं. आक्कांचं हिमोग्लोबिन ९.४ निघालं. वर हवेत प्राणवायू विरळ, त्यात तो वाहून नेणारं रक्तच कमी, मग दम लागणारच, असं त्यांनी समजावलं. दोन महिने लोहाच्या गोळ्या आणि त्यावर लिंबू. चहा गोळीच्या जवळपासही नको म्हणाले, त्यानं लोह अंगी लागत नाही. नोव्हेंबरअखेर ११.१ झालं तेव्हा त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली. उंचीच्या त्रासावरच्या गोळीचंही मी विचारलं. ती सल्फा गटातली असते, सल्फाची ॲलर्जी असेल तर चालत नाही आणि मनानं घ्यायची नाही, असं ते म्हणाले. आम्हाला ती लागली नाही.

चालायच्या सरावासाठी रोज पहाटे एक तास आणि महिन्यातून दोनदा देवगिरीचा किल्ला. पाठीवरच्या पिशवीत आधी तीन, मग सहा किलो ज्वारी. दौलताबादच्या त्या पायऱ्या चढताना लागणारा दम आठवड्या-दोन आठवड्यांत कमी झाला, पण गुडघा दुखायचा तो उतरताना. हाडांच्या डॉक्टरांनी मांडीच्या स्नायूंचे तीन व्यायाम दिले. खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरायचा, हा त्यातला सगळ्यात कामाला आला. सराव करताना उतरण्याकडं जास्त लक्ष द्या.

कपड्यांच्या बाबतीत आक्कांना एक गोष्ट पटवायला वेळ लागला. सारी गावातल्या गाईडनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, अंगाला लागून सुती काही घालू नका. ज्या घरात कापूस पिकतो, त्या घरच्या बाईला हे कसं पटावं? पण कारण खरं आहे. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. ओलं सूत अंगाला चिकटलं की थंडीत तेच शरीराची ऊब ओढून घेतं. आतून लवकर वाळणारं कृत्रिम धाग्याचं, मधे लोकर, वरून वारा-पाणी अडवणारं, असे तीन थर पुरतात. लोकरीचे मोजे तीन जोड न्या आणि त्यातला एक फक्त झोपताना घालायचा, त्यानं चालायचं नाही. बूट मी ३,२०० रुपयांना घेतले आणि सहा आठवडे घालून शाळेत गेले. नवे कोरे बूट घेऊन डोंगरावर गेलात तर पहिल्याच दिवशी फोड येतील.

६ डिसेंबर, शुक्रवार. सचखंड एक्स्प्रेस. निघताना आमच्याकडं ढगाळ होतं, फेंगल चक्रीवादळाचं आभाळ इथवर आलं होतं, आणि आक्कांचा जीव तुरीवरच्या अळीत अडकलेला. मनमाड गेल्यावर त्या जरा बोलायला लागल्या. ७ ला दुपारी दिल्ली, रात्रीची बस, ८ ला पहाटे ऋषिकेश. त्या दिवशी मुद्दाम पुढं गेलो नाही. दोन रात्रींचा प्रवास अंगात घेऊन डोंगराच्या रस्त्याला लागू नका, तिथली वळणं रिकाम्या पोटालाही सोसत नाहीत.

ऋषिकेशला त्या संध्याकाळी पाऊस सुरू झाला. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयाला धडकतात. खाली पाऊस आणि वर बर्फ. ९ ला पहाटे पाचच्या बसनं रुद्रप्रयाग, तिथून जीपनं उखीमठ, पुढं दुसऱ्या जीपनं सारी. देवप्रयागला अलकनंदा-भागीरथीचा संगम धुक्यात दिसला नाही. रुद्रप्रयागनंतर मंदाकिनीच्या काठानं रस्ता वळला आणि समोरच्या डोंगरांचे माथे पांढरे दिसले. आक्का काहीच बोलल्या नाहीत. मला मात्र पोटात गोळा आल्यासारखं झालं. फोटोत पाहिलेलं बर्फ वेगळं आणि उद्या-परवा ज्यावरून चालायचंय ते वेगळं.

सारी गावाची उंची दोन हजार मीटरच्या आसपास. आमचं गाव सहाशेवर. त्या रात्री जिन्याच्या दहा पायऱ्या चढूनही धाप लागत होती. जेवायला गहतची डाळ आणि मंडुव्याची भाकरी. आक्कांनी डाळ चाखली आणि लगेच म्हणाल्या, "हे तर आपले हुलगे!" मंडुवा म्हणजे नाचणी. ओळखीचं धान्य पोटात गेल्यावर त्यांची भीती निम्मी झाली असं मला वाटलं.

१० तारीख वाट पाहण्यात गेली. गाईड म्हणाला, "आज ऊपर ताज़ा बर्फ़ है, बैठने दो. कल चलेंगे." ताजा बर्फ भुसभुशीत असतो, खालचा दगड-खड्डा झाकून टाकतो, आणि फांद्यांवरचा खाली पडत राहतो. एक दिवस ऊन मिळालं की तो दबतो. हा एक दिवस आमच्या हाताशी होता, कारण मी परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवले होते. डिसेंबरमध्ये जाणार असाल तर असे दोन दिवस धराच. नाहीतर तिकिटासाठी नको त्या दिवशी चढावं लागतं.

त्याच दिवशी वनविभागाचा परवाना काढला. हा सगळा भाग १९७२ मध्ये जाहीर झालेल्या केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात येतो, कस्तुरीमृगासाठी तो ओळखला जातो. आधारची झेरॉक्स, अर्ज, घरच्यांचा फोन नंबर, गाईडचं नाव, आणि सोबत नेलेल्या प्लास्टिकची नोंद. बिस्किटांचे पुडेसुद्धा मोजले. आधारच्या चार-पाच झेरॉक्स घरूनच न्या, गावात वीज नसली की तेवढ्यासाठी अडकून पडाल. आक्कांच्या बोटावरची मतदानाची शाई नखाबरोबर वर सरकली होती. ती पाहून तिथल्या माणसानं विचारलं, "महाराष्ट्र से?" आणि मग आपल्याकडच्या पावसाची चौकशी केली. खिडकीपलीकडून कुणी आपलं गाव विचारलं, याचा मला त्या दिवशी फार आधार वाटला.

११ डिसेंबर, बुधवार. मोक्षदा एकादशी. आक्का एकादशी सोडत नाहीत आणि चढाईचा पहिलाच दिवस. रिकाम्या पोटी चढू देणार नाही असं मी म्हटलं, त्या ऐकेनात. तोडगा घरमालकीणबाईंनी काढला. त्यांच्याकडं झंगोरा होता, आपल्या भगरीसारखाच. तो शिजवून, दाण्याचा कूट घालून आक्का पोटभर जेवल्या आणि उपवासही राहिला.

सारीहून देवरियाताल जेमतेम अडीच-तीन किलोमीटर, दगडी फरसबंद वाट, पण सगळी चढाची. आम्हाला तीन तास लागले. अर्ध्यावर पहिला बर्फ दिसला, झाडाच्या बुंध्याशी ओंजळभर. आक्कांनी वाकून हात लावला, बोटांनी चुरून पाहिला आणि तो हात डोळ्यांना लावला. तलाव २,४३८ मीटरवर आहे. कडेचं पाणी गोठलं होतं, मधलं मोकळं. यक्षानं युधिष्ठिराला प्रश्न विचारले ते याच काठावर, अशी तिथली श्रद्धा. आक्कांना यक्षप्रश्न कीर्तनातून पाठ. त्या काठावर बसून दोन-तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं पुटपुटत राहिल्या. तलावाच्या काठावर तंबू लावता येत नाही, आमचा थोडा खाली होता. रात्री बाटल्या उलट्या ठेवा असं गाईडनं सांगितलं. पाणी वरून गोठत येतं, त्यामुळं सकाळी तोंडाशी पाणीच राहतं. मोबाइल आणि टॉर्चचे सेल झोपायच्या पिशवीत पायाशी ठेवले. थंडीत बॅटरी बसते.

१२ ला पहाटे उजाडताना बाहेर आलो तर चौखंबा शिखर समोर, ७,१३८ मीटर, आणि तलावात उलटा. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. ज्यांना पाहायचा त्यांनी पहाटे उठावं, नऊनंतर वारा सुटला की पाण्यातलं प्रतिबिंब मोडतं.

खरी गोष्ट इथून पुढं. तलावाच्या टोकाशी वाट जंगलात शिरते आणि धारेवर चढते. डोंगराच्या सोंडेला गढवालीतही धारच म्हणतात. ही धार रोहिणी बुग्याळापर्यंत जाते, दोन्ही बाजूंना जंगल. बुग्याळ म्हणजे उंचावरचं कुरण. खाली बांज, वर खर्सू, दोन्ही ओकच्या जाती. मधे बुरांश, ज्यांना मार्च-एप्रिलमध्ये लाल फुलं येतात. आता त्यांची लांबट पानं थंडीनं सुरळी होऊन खाली लोंबत होती. वाट कधी धारेच्या दक्षिण अंगानं जायची, कधी उत्तर अंगानं. दक्षिणेकडं ऊन, कोरडा पालापाचोळा, जॅकेट काढावं इतकी ऊब. एक वळण घेऊन उत्तरेला गेलं की पोटरीपर्यंत बर्फ आणि हाडं गोठवणारी सावली. दिवसभरात वीस-पंचवीस वेळा तरी हा बदल झाला असेल. गाईड म्हणाला, "आगे घाम में बैठेंगे," आणि आम्ही दोघी बुचकळ्यात. त्यांच्या बोलीत घाम म्हणजे ऊन. आपला घाम मात्र तिथं शत्रूच, कारण थांबलात की तोच गार पडतो. चढ लागायच्या आधीच एक थर काढायचा, थांबल्या थांबल्या घालायचा. कंटाळा येतो, पण दर वेळी करा.

बुटांना बसवायचे काटे आम्ही भाड्यानं घेतले होते, जोडी दिवसाला १५० रुपये, आणि पोटरीवर बांधायचे गेटर. पहिल्या उत्तरेच्या टप्प्यावर ते बांधले आणि मी चालायला लागले, शहरातल्या रस्त्यावर चालते तशी, टाच आधी टेकवून. तीन पावलांत घसरले. पुन्हा उठले, पुन्हा घसरले. वाट दोन फुटांची, उजवीकडं उतार झाडांत नाहीसा होत होता. माझ्या मांड्या थरथरायला लागल्या आणि पाय उचलेना. मागून आक्का म्हणाल्या, "तू पावसात काळ्या रानातून चालतेस का अशी? आख्खा पाय ठेव. दाब. बसला का बघ. मग दुसरा उचल. घाई कामून करतीस?"

मी तसं केलं, आणि जमलं. काळ्या मातीत पावसाळ्यात टाच रोवली की पाय गेलाच म्हणून समजा. पाऊल सपाट ठेवायचं, लहान टाकायचं, अंगाचा भार अलगद पुढं न्यायचा. आक्का चाळीस वर्षं हेच करत आल्यात, डोक्यावर गवताचा भारा घेऊन. काट्यांखाली ओल्या बर्फाचे गोळे जमायला लागले तेव्हाही त्यांनीच आधी ओळखलं. चिखल चपलेला धरतो तसा बर्फ काट्यांत भरतो आणि काटे निकामी होतात. दर दहा-बारा पावलांनी काठीनं बुटाच्या कडेला ठोकायचं, गोळा पडतो. गाईडनं आक्कांना विचारलं, "माताजी, आप पहले बर्फ़ में चली हैं?" त्यांनी मान हलवली आणि मला म्हणाल्या, "सांग त्याला, आमच्याकडं चिखल असतो."

पुढं मी आक्कांच्या पाऊलखुणांत पाय ठेवत गेले. गाईड सगळ्यात पुढं, बर्फात टाच मारून पायरी करायचा; त्याच्या मागं आक्का, मग मी. जंगल इतकं शांत की झाडावरून बर्फ घसरून पडला तरी धप्प आवाज यायचा. एका ठिकाणी वाटेवरून मोनाल पक्ष्याची पावलं गेलेली, नक्षीसारखी. पुढं वानरांचा कळप खर्सूच्या फांद्यांवर ऊन खात बसला होता, आणि त्यांच्या उड्यांनी एक फांदी आमच्या डोक्यावर रिकामी झाली. बर्फ मानेतून आत गेला. कानटोपीवर जॅकेटची टोपी ओढून घेत जा.

काळा चष्मा विसरू नका. उन्हात बर्फावरची तिरीप डोळ्यांत जाते आणि संध्याकाळी डोळे चरचरतात. मी तासभर चष्मा काढून ठेवला होता तर रात्रभर पाणी येत होतं. ओठांना मलम मी लावलं नाही, त्याचं फळ पुढं दहा दिवस भोगलं. आणखी एक बायकांसाठी: पाळी येणार असेल तर वापरलेलं सगळं कागदात गुंडाळून, जाड पिशवीत घालून परत आणायचं असतं. मी दोन वेगळ्या पिशव्या नेल्या होत्या. गाईडला आधीच सांगून ठेवलं, की मधेमधे आम्ही दोघी मागं थांबू. तो काही न विचारता पुढं जाऊन पाठ करून उभा राहायचा.

रोहिणी बुग्याळाला पोहोचायला दीड वाजला. झाडं एकदम संपली आणि पांढरं कुरण पसरलं. वाऱ्यानं एका बाजूला लोटलेला बर्फ गुडघ्यापर्यंत होता. घरच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ खाल्ला. दशम्या दुधात भिजवलेल्या म्हणून मऊ राहिल्या. धपाटे मात्र दगड झाले होते. मुक्काम तिथं करता येत नाही. उत्तराखंड उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये बुग्याळांवर रात्री राहायला बंदी घातली, आणि ते कुरण पाहिल्यावर मला ती योग्य वाटली. आपली माळरानंही तुडवून तुडवून अशीच उघडी पडलेली आपण पाहतोच की.

तिथून स्यालमीकडं, म्हणजे आमच्या मुक्कामाच्या जागेकडं, उतार सुरू झाला आणि आक्कांच्या गुडघ्यानं बोलायला सुरुवात केली. चढताना जी बाई माझ्या पुढं होती ती आता दर वीस पावलांना थांबत होती. एका वळणावर झऱ्याचं पाणी वाटेवर येऊन काचेसारखं गोठलं होतं. काठी निसटली आणि आक्का बसल्या त्या चार-पाच फूट घसरत गेल्या. बुरांशाच्या एका बुंध्यानं त्यांना अडवलं. मला ओरडताही आलं नाही. गाईड उतरून त्यांच्यापाशी बसला, हात-पाय हलवायला लावले, मग घोटभर गरम पाणी दिलं. वीस मिनिटं आम्ही तिथंच. आक्का रडल्या नाहीत, मी रडले. मला वाटत होतं, यांच्या लेकराबाळांना मी काय उत्तर देणार होते? आक्कांनीच माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "लागलं नाही माय. ऊठ, उजेड हाये तवर उतरू."

मग गाईडनं त्यांना आडवं उतरायला शिकवलं. उताराला खांदा करायचा, खालचा पाय आधी, वरचा त्याच्या जवळ आणायचा, तोंड पुढं करायचं नाही. गुडघ्यावरचा भार खरंच कमी होतो. दोन तासांच्या उताराला साडेतीन लागले. आकाशकामिनी नदीवरच्या लाकडी फळ्यांवर बर्फ साचलेला, त्यावरून आम्ही एकेक जण गेलो. तंबूपाशी पोहोचलो तेव्हा अंधार पडत होता, पण लगेच चंद्र वर आला. पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर, आणि खाली सगळं पांढरं. टॉर्चची गरज पडली नाही. आक्का गुडघ्याला तेल चोळत तंबूच्या दारात बसून राहिल्या. मी झोपा म्हटलं तर म्हणाल्या, "हे परत दिसणार हाये का?"

१३ ला बनियाकुंड, तिथून डांबरी रस्त्यानं चोपता. डांबर आलं म्हणून आम्ही सैल झालो, आणि गाईडनं सगळ्यात जास्त बजावलं ते इथंच. रस्त्याच्या सावलीतल्या वळणांवर, हिंदीत म्हणतात तसा 'पाला' पडतो, म्हणजे दवाचा पातळ पारदर्शक थर गोठतो. तो दिसत नाही. मोटारी तिथंच घसरतात आणि माणसंही. रेंज आल्यावर घरी फोन लावला तर भाचा म्हणाला, इकडं लई थंडी पडलीय. तो झंझावात पुढं सरकला आणि मागून उत्तरेचे वारे खाली सुटले, तेच घरापर्यंत पोहोचले होते.

१४ डिसेंबर, शनिवार, दत्तजयंती. चोपत्याहून तुंगनाथ साडेतीन किलोमीटर, दगडी वाट. पंचकेदार म्हणजे शंकराची पाच मंदिरं, त्यांतलं हे सगळ्यात उंच, ३,६८० मीटर. दारं नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच बंद झालेली, देव मक्कूमठाला खाली आलेले. बंद दारापुढं आम्ही दोघीच. वर चंद्रशिलेचं शिखर अजून तासाभराचं. गाईड पुढं जाऊन पाहून आला आणि म्हणाला, बर्फ कडक झालाय, चढाल, पण उतरताना माताजींचा गुडघा टिकणार नाही. मी आक्कांकडं पाहिलं. त्या आधीच पायरीवर बसून पिशवीतून घरून आणलेला सुंठवडा काढत होत्या. चिमूट दारापाशी ठेवली, मग गाईडला, मग मला. सुंठेनं घसा गरम झाला. आम्ही तिथूनच वळलो.

१५ ला उखीमठ. ओंकारेश्वराच्या मंदिरात हिवाळ्यात केदारनाथाची गादी असते. मागच्या वेळी खेचरावरून ज्याच्या दारी गेलो होतो, त्याचं दर्शन या वेळी लंगडत घेतलं. मग ऋषिकेश, दिल्ली, १८ ला दुपारी घर. खर्च माणशी २२,३०० रुपये झाला. त्यात गाईड, सामान वाहणारा, तंबू आणि वरचं जेवण धरून ८,५०० गेले, रेल्वेचे दोन्हीकडचे ३,६००, बस-जीपचे २,४००, बूट-कपड्यांचे ४,७००, काटे-गेटरचं भाडं ६०० आणि उरलेले मुक्कामांचे. चोपत्याला कार्डावर पैसे घेत नव्हते, रोख ऋषिकेशलाच काढून घ्या.

१९ ला सकाळी शाळेत हजर अहवाल दिला, त्याचीही पोच घेतली. परिपाठ झाल्यावर तिसरीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, बर्फावर चालताना वाजतं का?" मी विचार केला आणि सांगितलं, हो, वाजतं. वाळलेल्या हरभऱ्याच्या खळ्यात पाय टाकल्यावर वाजतं ना, तसं, फक्त जरा हळू. संध्याकाळी आक्कांना फोन करून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर सांगितलंस." मग म्हणाल्या, वेचणीला उद्यापासून चार बाया मिळाल्यात, पट्टा बांधून मी पण जाते.